एकाच पायरीवर, एकशे ऐंशी वेळा

आमच्या नौपाड्यातल्या इमारतीला लिफ्ट नाही. पुनर्विकासाच्या बैठकीत ती दर वर्षी येते, चहा होईपर्यंत चर्चेत राहते आणि इतिवृत्तात जाऊन बसते. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. चोपन्न पायऱ्या. हा आकडा मला गेल्या जुलैपर्यंत माहीत नव्हता. ज्याला काही दुखत नाही तो कशाला पायऱ्या मोजतोय?

जुलैमधल्या एका सोमवारी पहाटे उठले, पाय जमिनीला टेकवला आणि उजव्या टाचेच्या वर, मागच्या बाजूला, कुणी ओली सुतळी आवळून बांधावी तसं झालं. कठडा धरून, आडवी होऊन, खेकड्यासारखी जिना उतरले. पहिल्या मजल्यावरचे काका दुधाची पिशवी घ्यायला दारात आले होते.

"काय गं, पडलीस?"

"नाही हो काका, धावले."

काकांनी पिशवी उचलली. या दोन्हींत नेमका फरक काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

तरी उपवनला गेलेच. तळ्याच्या कडेने पहिली दहा मिनिटं लंगडत धावले आणि मग दुखणं चक्क गायब. या दुखण्याची लबाडी हीच. अंग तापलं की ते गप्प बसतं, पळू देतं, वर पाठ थोपटतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चोपन्न पायऱ्यांवर वसुलीला येतं. पुढचा सव्वा महिना मी रोज फसत होते आणि रोज स्वतःला सांगत होते की बघ, धावल्यावर बरं वाटतं.

कारण शोधायला फार लांब जायला नको होतं. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची अर्धी, म्हणजे एकवीस किलोमीटर, करायची होती. तिथला पेडर रोडचा चढ भल्याभल्यांचा दम काढतो असं ग्रुपमध्ये सतत कानावर पडायचं. तेव्हा ठाणेकराने काय करायचं? येऊर आहेच. दोन आठवडे, आठवड्यातून तीनदा, उपवनपासून येऊरचा चढ. त्याआधीच्या सहा महिन्यांत मी एकदाही चढावर धावले नव्हते. त्यात सेलमध्ये घेतलेले नवे बूट, टाचेला अगदी पातळ. चढावर पोटरी आधीच ताणलेली असते, टाच पातळ असली की आणखी खाली जाते. धावताना टाचेमागच्या त्या दोरीवर वजनाच्या सहापट, कधी त्याहूनही जास्त ताण येतो. माझं वजन अठ्ठावन्न किलो. सहाने गुणा. हा एका पावलाचा हिशेब झाला. चढावर अशी हजारो पावलं पडतात.

दोरी म्हणते, कारण तिला काय म्हणायचं हाच घोळ आहे. आपल्या बोलीत कातडीखाली जे जे लांबुडकं आहे ते सगळं शीर. रक्ताची वाहिनी शीर, कमरेतून पायात कळ नेणारी नस शीर, आणि स्नायूला हाडाशी बांधणारी कंडराही शीरच. शीर दबते, शीर आखडते, शीर तटतटते, शिरेवर शीर चढते. डॉक्टर 'अकिलीस टेंडन' म्हणतात. माझी आजी टाचेमागच्या शिरेला घोडशीर म्हणायची आणि मला ते नाव जास्त पटतं. घोडा दिसतो त्यात.

ऑगस्टच्या मध्यावर शेवटी शहाणपण सुचलं आणि मी धावणं बंद केलं. तीन आठवडे पूर्ण आराम. गणपती आले, उकडीचे मोदक झाले, पाहुण्यांसाठी चढउतार झाली, टाच हळूहळू निवली. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सहा किलोमीटर धावले. सोमवारी सकाळी पहिल्या मजल्यापर्यंत बसत बसत उतरले.

मग एका ठिकाणी 'दहा सिटिंग्जचं पॅकेज' घेतलं. नाव घेत नाही, माणसं सज्जन होती. पालथं झोपायचं, गार जेल लावून मशीन फिरवायचं, वर गरम शेक, भिंतीवर मंद गाणी. दहा दिवस मी तिथे फार छान झोपले. मला उठून उभं राहायला मात्र त्या दहा दिवसांत एकदाही कुणी सांगितलं नाही.

घोडबंदर रोडच्या बाजूला एका इमारतीच्या तळमजल्यावर ज्या फिजिओथेरपिस्ट मॅडम भेटल्या, त्यांनी मला आधी बसूच दिलं नाही. "डाव्या पायावर उभ्या राहा. भिंतीला बोट लावा फक्त. आता टाच उचला, जमेल तितक्या वेळा." डावीकडे चोवीस झाले. उजवीकडे नऊ, आणि नववा कसाबसा. मी दुखण्याबद्दल बोलायला गेले होते. त्यांनी ताकद मोजली. तीन आठवड्यांच्या आरामाने दुखणं झाकलं होतं आणि पोटरी आणखी अशक्त करून ठेवली होती.

मग प्रश्न. शुगर? कोलेस्टेरॉल? पाळी नियमित आहे का? गेल्या काही महिन्यांत तापासाठी, लघवीच्या जंतुसंसर्गासाठी अँटिबायोटिक घेतलं होतं का, नाव आठवतं का? मी चकित. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या घराण्यातली औषधं काही जणांच्या कंडरांना दुखापत करतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्येच त्यावर ठळक इशारा छापायला लावला होता. मी घेतलं नव्हतं. पण आपल्याकडे केमिस्टला विचारून पाच गोळ्यांचा कोर्स करणं किती सहज चालतं, ते आठवून अंगावर काटा आला.

त्यांनी चिमटीत धरून शीर चाचपली. दुखरी जागा टाचेच्या हाडापासून तीनेक बोटं वर होती. हे बरं, म्हणाल्या. ती हाडाला जिथे चिकटते तिथेच दुखत असेल तर टाच पायरीच्या खाली सोडायची नाही, तिथे ती हाडावर दाबली जाते. मधल्या भागात असेल तर खाली सोडता येते. तेवढ्यावरून पुढचा सगळा व्यायाम बदलतो. आणि मी मात्र तोवर 'टाच दुखते' या दोन शब्दांवर इंटरनेटवर दिसेल ते करत होते.

व्यायाम असा. पायरीच्या कडेवर चवडे. वर जायचं चांगल्या पायाच्या जोरावर. मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश खाली सोडायची. पंधरा वेळा, असे तीन फेरे, गुडघा सरळ ठेवून. तेवढंच पुन्हा गुडघा किंचित वाकवून, कारण पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत आणि त्यातला आतला स्नायू गुडघा वाकल्यावरच खऱ्या अर्थाने कामाला लागतो. सकाळी नव्वद, संध्याकाळी नव्वद. आठवड्याचे सातही दिवस, बारा आठवडे.

"आणि दुखलं तर?"

"दुखेल."

ही पद्धत स्वीडनमधल्या हाकन आल्फ्रेडसन या अस्थिशल्यविशारदाची, १९९८ साली प्रसिद्ध झालेली. त्याची एक गोष्ट सांगतात. त्याची स्वतःचीच घोडशीर दुखत होती आणि वरिष्ठ शस्त्रक्रिया करायला तयार नव्हते. चिडून त्याने ठरवलं की शीर तुटेपर्यंत टाच खाली सोडत राहायचं; तुटली की करावीच लागेल शस्त्रक्रिया. तुटली तर नाहीच, काही आठवड्यांनी दुखायची थांबली. असा उलटा हट्टीपणा मला आवडतो. आपल्याकडे कुणी असं केलं तर घरचे पत्रिका दाखवायला नेतील.

आता हा एकच मार्ग राहिलेला नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की आठवड्यातून तीनदा जड वजन घेऊन संथपणे केलेल्या व्यायामानेही तितकाच फरक पडतो आणि त्याला वेळ कमी लागतो. मॅडमनी मला दोन्ही सांगून निवड माझ्यावर सोडली. मी जिमवाली नाही. जिना घरचा होता.

अशी मी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या पायरीवर रोज सकाळ-संध्याकाळ पाठमोरी उभी राहू लागले. शेजारच्या वहिनींना आधी वाटलं घरात काही भांडण झालंय. कचरेवाल्या मावशी बादली बाजूला ठेवून वाट द्यायच्या, मी कुठेच जात नाहीये हे त्यांना पटत नव्हतं. पाचव्या आठवड्यात नुसतं शरीराचं वजन सोपं वाटायला लागलं, तेव्हा पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो तांदूळ आले. "दळणाला निघालीस का?" या प्रश्नाचं उत्तर मी निदान दहा जणांना दिलं असेल.

काकांना मात्र सविस्तर सांगितलं. दुखण्याला शून्य ते दहा असे मार्क द्यायचे. व्यायाम करताना पाचपर्यंत चालेल. पण ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं पाहिजे, आणि सकाळचा आकडा आठवड्यागणिक चढता कामा नये. व्यायामाच्या वेळचं दुखणं फारसं खरं बोलत नाही, दुसऱ्या दिवशीची सकाळ खरं बोलते. याच मोजपट्टीवर स्वीडनमध्येच २००७ साली एक छोटा प्रयोग झाला होता. सगळ्यांना व्यायाम सारखाच. एका गटाचं धावणं-उड्या मारणं सहा आठवडे बंद, दुसऱ्या गटाला दुखण्याच्या मर्यादेत धावायची मुभा. धावणाऱ्यांचं काहीही बिघडलं नाही. म्हणजे माझे ते तीन निष्क्रिय आठवडे मोदकांपुरतेच कामाला आले.

काका माजी बँकवाले. त्यांना ही आकड्यांची व्यवस्था एकदम पटली. तेव्हापासून सकाळी दार उघडून 'गुड मॉर्निंग'ऐवजी ते विचारू लागले, "आज किती?"

मॅडमनी सांगितलेली एक गोष्ट मी जिन्यात उभी असताना सारखी घोळवत असते. पन्नास-साठच्या दशकांत झालेल्या अणुबाँबच्या चाचण्यांमुळे हवेत एका विशिष्ट प्रकारचा कार्बन वाढला आणि नंतर कमी होत गेला. त्या खुणेवरून शरीरातला कुठला भाग कधी घडला ते ओळखता येतं. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये अकिलीस कंडरेचा गाभा असा तपासला, तर तो साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही असं निघालं. कातडी बदलते, रक्त बदलतं, हाडंसुद्धा हळूहळू नवी होतात. पण माझ्या टाचेमागे आजही अकरावी-बारावीतली मीच आहे. ठाणे स्टेशनात लोकल पूर्ण थांबायच्या आत उडी मारणारी. (हा पोटरीचा उत्तम व्यायाम आहे आणि मुळीच करू नये.) गाभा तोच राहून शीर कणखर होते ती बाहेरच्या थरांमुळे आणि पोटरीच्या बळामुळे. मोठ्या श्रमानंतर पहिला दीडेक दिवस तिच्यात घडण्यापेक्षा झीज जास्त असते, मग पारडं फिरतं. म्हणून दोन कठीण दिवस लागोपाठ ठेवायचे नसतात. मी येऊरला मंगळवार, बुधवार, गुरुवार गेले होते.

याच दिवसांत कळव्याहून माझा भाचा आला. चोवीस वर्षांचा, ऐरोलीला आयटी कंपनीत रात्रपाळी, सकाळी घरी येऊन चार तास झोप आणि मग जिम. एकशे दहा किलोची डेडलिफ्ट मारताना कमरेत सटकन काहीतरी झालं. एमआरआय झाला, अहवालात 'एल-फोर एल-फाइव्ह डिस्क बल्ज', म्हणजे कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी फुगलेली, असं आलं आणि माझी बहीण रडू लागली. त्याला बादली उचलायची बंदी. "मावशी, माझी गादी सरकलीय," तो सांगत होता, जणू कपाटातून काही निसटून पडलंय.

मॅडमनी त्याला आधी महत्त्वाचं विचारलं. बैठकीची जागा बधिर वाटते का, लघवी-शौचावरचा ताबा गेलाय का, पाय लुळा पडतोय का? यातलं काहीही असेल तर फिजिओकडे नाही, तडक हॉस्पिटलात. नव्हतं. मग त्यांनी एक आकडा सांगितला. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा ३,११० माणसांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांत डिस्क बल्ज सापडला आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांत. "पाठीलाही सुरकुत्या येतात," त्या म्हणाल्या. "तुझ्या झालेल्या जागरणांचा एमआरआय निघत नाही, म्हणून त्याबद्दल कुणी रडत नाही."

त्याच दिवशी त्याच्या हातात झाडूची काठी आली, कमरेतून कसं वाकायचं ते शिकायला. आठवड्याभराने वीस किलोची नुसती दांडी, तीही ठोकळ्यांवर उंच ठेवलेली. प्रत्येक सेटला आणखी दोन वेळा उचलता येईल इतकं बाकी ठेवून थांबायचं. विशीतल्या मुलाला हे सगळ्यात जड गेलं.

त्याची आणखी एक तऱ्हा. मासळी बाजारातून बर्फाची लादी आणायची, गच्चीवरच्या निळ्या पिंपात फोडायची आणि व्यायामानंतर दहा मिनिटं आत बसायचं. सोसायटीत त्याच्याविषयी काय बोलत असतील देव जाणे. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये बारा आठवडे वजन उचलणाऱ्यांवर नेमकं हेच करून पाहिलं. गार पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले. जी सूज आपण बर्फाने दाबतो, तिच्यातच दुरुस्तीचं काम चाललेलं असतं. मुरगळलेल्या पायाला आराम, बर्फ, पट्टी, पाय उंच हा मंत्र १९७८ साली ज्या अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी दिला, त्यांनीच २०१४ मध्ये लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम बरं होणं लांबवत असावेत. वेदना कमी करायला थोडा वेळ बर्फ लावा, हरकत नाही. पिंप परत पाणी साठवायला वापरा.

भाच्याचा चेहरा त्या तीस टक्क्यांनी जो उजळला, तो पाहून मला आजी आठवली. ती पायाळू होती. चिपळूणजवळच्या आमच्या गावात कुणाच्या पाठीत उसण भरली की माणूस सकाळीच अंगणात येऊन पालथा पडायचा. आजी देवाचं नाव घेऊन पाठीवर पायाने हलकेच लाथ मारायची. तीन दिवसांनी तोच माणूस नारळ घेऊन ताठ चालत यायचा. शहाणी झाल्यावर मी यावर पुष्कळ हसले. पाठीतली चमक बहुतेकदा काही दिवसांत आपोआप निवळते. जो शेवटी भेटला त्याला श्रेय, मग तो पायाळू असो की दहा सिटिंग्जवाला. पण लाथ मारल्यावर आजी दर वेळी एक वाक्य बोलायची, ते मी हसताना विसरले होते. "ऊठ आता. उद्या बांधावर जा, पण भारा अर्धा उचल." माणूस घाबरून आखडलेला असायचा. त्याला कुणीतरी अधिकाराने सांगायला हवं असायचं की तू मोडलेला नाहीस. आणि अर्धा भारा! बारा आठवड्यांची फी भरून मी जे शिकत होते ते तिने नारळावर सांगितलं होतं.

या शोधाने मी इतकी फुशारले की एक चूक करून बसले. ग्रुपमधली एक मैत्रीण नडगी दुखते म्हणाली. मी तिला माझी पायरी सांगितली, थोडं दुखलं तरी कर, पाचपर्यंत चालतं. नशीब तिने आधी मॅडमना विचारलं. तिचं दुखणं एका बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर होतं, रात्री झोपेतही ठणकत होतं. एक्स-रे स्वच्छ आला. असल्या बारीक भेगा सुरुवातीला एक्स-रेत बहुधा दिसत नाहीत. एमआरआयमध्ये दिसली. नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर. घोडशिरेला भार हवा असतो, भेगाळलेल्या हाडाला आधी वेळ. आठ आठवडे धावणं शून्य.

तिचं कारण बुटात नव्हतं आणि रस्त्यातही नव्हतं. श्रावणी सोमवार, शनिवार, मग वजन छान उतरतंय म्हणून रात्रीचं जेवण बंद, आणि रविवारी अठरा किलोमीटर. तीन महिने पाळी आली नव्हती आणि तिला ती सुटका वाटली होती. शरीराला पुरेसं खायला मिळालं नाही की ते आधी अशाच गोष्टी बंद करतं, आणि हाडाची दुरुस्ती त्यातच येते. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन मग तिचं गाडं रुळावर आलं. उपवासाला माझा विरोध नाही. साबुदाण्यावर अठरा किलोमीटर धावायला आहे.

जानेवारीत मी पेडर रोडवर होते, फुटपाथवर, संत्र्याच्या फोडी वाटत. चढ खरंच मोठा आहे. बघणाऱ्यालाही कळतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला उजव्या पायावर बावीस वेळा टाच उचलली, एका पायावर वीस उड्या मारल्या, तेव्हा मॅडमनी परवानगी दिली. एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. एक दिवसाआड. जुने बूट. येऊर नाही. उपवनच्या काठाने मी ती आठ मिनिटं धावले. सकाळचे फिरायला आलेले आजोबा मला मागे टाकून पुढे गेले आणि मला त्याचं काही वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाय जमिनीवर ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवून बसले. मग दार ओढून घेतलं आणि कठड्याला हात न लावता उतरायला लागले. पहिल्या मजल्यावर काका दारातच होते.

"आज किती?"

"दोन."

"कालही दोनच होते ना?"

"दोनच."

"मग उद्या जा," म्हणाले, आणि दुधाची पिशवी घेऊन आत गेले.